काढणीनंतरचे दिवस

24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा खानापूर घाटमाथ्यावरच्या अनेक बागांत द्राक्षे अजून वेलीवरच होती. साखर भरली होती, घड तोडणीला आले होते आणि न्यायला कोणी येत नव्हते. परप्रांतांतले व्यापारी निघून गेले होते, बाजार समित्या कधी उघडतील याचा भरवसा नव्हता, मजूर मिळत नव्हते. त्या आठवड्यांत सांगली जिल्ह्यातल्या पुष्कळ बागायतदारांनी खाण्याची द्राक्षे बेदाण्याकडे वळवली. ज्यांच्याकडे वाळवणीचे शेड होते किंवा ज्यांना शेजाऱ्याच्या शेडमध्ये रॅक मिळाला, त्यांचा माल टिकला. बाकीच्यांनी मिळेल त्या भावाने घड दिले, काहींनी बागेतच सोडले. वाण तेच होते, खतेही तीच आणि पाणी एकाच सिंचन योजनेचे. माल धरून ठेवता येतो की नाही, एवढ्या एका गोष्टीवर वर्षाचा हिशेब फिरला.

विटा आणि आजूबाजूच्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या तालुक्यांत पिकणारा माल काढणीनंतर कसा राखावा आणि कसा न्यावा, हा या पुस्तकाचा विषय आहे. पिकवण्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. छाटणी, डोळे फुटणे, विरळणी, फवारणीचे वेळापत्रक यांवर गावोगावी चर्चासत्रे होतात आणि ती ऐकायला मांडव अपुरे पडतात. ते योग्यच आहे. याच भागातल्या शेतकऱ्यांनी बागेत उभे राहून नवे वाण निवडले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून तास-ए-गणेश निवडला, तर सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. ज्या बारकाईने या माणसांनी वेलीकडे पाहिले, त्याच बारकाईने तोडलेल्या घडाकडे पाहण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. घड क्रेटमध्ये पडला की आपले काम संपले आणि पुढचे व्यापाऱ्याने पाहावे, असे आपण मानत आलो. तोट्याचा मोठा भाग त्या पुढच्या दिवसांतच होतो.

विट्याच्या बाबतीत हा तोटा जास्त झोंबतो, कारण इथे माल पिकवायला लागणारे पाणी फुकट कधीच नव्हते. सह्याद्री ढग अडवतो आणि आमच्याकडे उरलासुरला पाऊस येतो. येरळा वर्षातला बराच काळ कोरडी असते. 1972 च्या दुष्काळात इथल्या माणसांनी रस्त्यांवर खडी फोडली आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली. त्याच्याही आधीपासून या तालुक्यांतली कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी देशभरातल्या शहरांत पांगली, कारण घरची जमीन पोट भरू शकत नव्हती. टेंभू उपसा सिंचन योजना 1996 साली मंजूर झाली. कराडजवळ कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत इथवर यायला पुढे कितीतरी वर्षे गेली. तोपर्यंत टँकरचे पाणी घालून बागा जगवणारी घरे गावागावांत होती. विकतच्या पाण्यावर वाढलेला घड बाजाराच्या वाटेवर सडतो, तेव्हा त्याच्याबरोबर ते पाणीही वाया जाते. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो, आणि हे पुस्तक तयार होण्यामागे तो राग आहे हे सांगायला हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तोडलेले फळ मेलेले नसते. वेलीपासून वेगळे झाल्यावरही ते श्वास घेत राहते, स्वतःतली साखर जाळते, उष्णता सोडते आणि पाणी गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. मार्चमधल्या दुपारी छत्तीस-सदतीस अंशांच्या उन्हात क्रेटमध्ये थांबलेले द्राक्ष एका तासात जेवढे झिजते, तेवढे झिजायला शून्य अंशाच्या शीतगृहात त्याला दिवस लागतात. शिवाय द्राक्ष आणि डाळिंब ही आंब्या-केळ्यासारखी घरात पिकणारी फळे नव्हेत. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच, पुढे ती वाढत नाही. म्हणजे तोडणीच्या क्षणी फळ आपल्या सर्वोत्तम अवस्थेत असते आणि त्यानंतर आपण फक्त त्याची उतरण लांबवू शकतो.

निर्यातीच्या द्राक्षाची सगळी शिस्त यातूनच आली आहे. तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी थांबवायची. घड देठाला धरून उचलायचा, कारण बोट लागले की मण्यावरची लव पुसली जाते आणि ती लव मण्याचे पाणी धरून ठेवते. क्रेट सावलीत ठेवायचे. पॅकहाऊसमध्ये निवड, वजन, भरणी झाली की प्रीकूलिंगच्या खोलीत थंड हवा जोराने पेट्यांमधून खेचून मण्याचे तापमान चार अंशांच्या आसपास आणायचे, आणि हे तोडणीपासून चार-सहा तासांच्या आत व्हायला हवे. मग शून्य ते एक अंश आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता असलेली खोली, आणि तिथून रीफर, म्हणजे थंड ठेवलेला, कंटेनर. पेटीत वरच्या बाजूला जो ग्रेप गार्डचा कागद असतो, तो ओलावा मिळाला की सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि करड्या बुरशीला रोखतो. ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, म्हणून नुसती थंडी पुरत नाही.

इथे एक चूक फार ठिकाणी होताना दिसते. गारवा एकदा दिला की झाले, असे समजून पेट्या थंड खोलीतून बाहेर काढल्या जातात, गाडी यायला उशीर होतो, पेट्या उन्हात किंवा उघड्या व्हरांड्यात तास-दीड तास थांबतात आणि पुन्हा आत जातात. थंड मण्यावर बाहेरच्या हवेतले दव बसते. त्या ओलाव्याने कागदातला वायू एकदम जास्त सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरट पडतो, उरलेल्या ओलाव्यावर बुरशीचे फावते. सतत आठ अंशांत राहिलेला माल कधीकधी शून्य-वीस-शून्य असा प्रवास केलेल्या मालापेक्षा बरा निघतो. पुस्तकातले सगळ्यात मोठे प्रकरण या खंडित गारव्यावर आहे आणि ते मुद्दाम मोठे ठेवले आहे.

विट्यापासून न्हावा शेवा बंदर सुमारे तीनशे किलोमीटर. तिथून युरोपपर्यंतचा समुद्रप्रवास सुएझ कालव्यातून एरवी तीन-चार आठवड्यांचा. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. घाटमाथ्यावर पहाटे तोडलेल्या घडाला येमेनच्या किनाऱ्यावरची लढाई अशी येऊन भिडते. ज्यांनी प्रीकूलिंगमध्ये तास वाचवले होते, त्यांच्याकडे त्या जादा दिवसांसाठी थोडी शिल्लक होती. याच निर्यातीने 2010 साली आणखी एक धडा दिला. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे, म्हणजे आपण ज्याला लिहोसीन म्हणतो त्याचे, अंश सापडल्याने युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तेव्हापासून कागदपत्रे, नमुने आणि प्रत्येक बागेचा माग ठेवणे हा साठवण-वाहतुकीचाच भाग झाला.

पण खरे सांगायचे तर या भागातला सगळा माल युरोपला जात नाही. बराचसा चार किलोच्या पेट्यांत, ट्रकने, रात्रीच्या प्रवासाने देशातल्या बाजारांत जातो. तिथे प्रीकूलिंग नाही, रीफर नाही. ताडपत्री गच्च बांधलेला ट्रक दिवसभर धाब्यावर उभा राहिला तर आतल्या पेट्या फळाच्या स्वतःच्या श्वासाने तापतात. पेट्यांच्या ओळींमध्ये हवा जायला बोटभर फट ठेवणे, भोके समोरासमोर येतील अशी थप्पी लावणे, मध्ये पट्ट्या देणे, ताडपत्री पांढऱ्या रंगाची घेणे, सर्वात खालच्या थरावर किती पेट्यांचे ओझे येते ते मोजणे, या उपायांना जवळपास खर्च नाही. त्यांच्याविषयी कोणी चर्चासत्र भरवत नाही, म्हणून ते इथे आकृत्यांसह दिले आहेत.

बेदाण्याचे शास्त्र याच्या उलट दिशेने जाते. द्राक्षाचे पाणी टिकवायचे असते, बेदाण्याचे काढायचे असते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात घड बुडवले की मण्यावरच्या मेणाच्या थरात सूक्ष्म वाटा पडतात आणि पाणी लवकर निघते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातून आली. मग शेडमधल्या रॅकवर, जाळीवर, सावलीत बारा ते अठरा दिवस. सावली असल्यामुळे रंग हिरवट-सोनेरी राहतो. चार किलो द्राक्षांतून सुमारे एक किलो बेदाणा मिळतो. ओलावा पंधरा टक्क्यांच्या खाली आला की माल उतरवायचा. जुनी माणसे मुठीत दाबून बघतात. मूठ उघडल्यावर मणी सुटे झाले तर वाळला, गोळा राहिला तर अजून दोन दिवस. ओलावामापक यंत्र घेतले तरी ही मूठ सोडू नये.

या अठरा दिवसांत अवकाळी पाऊस आला तर काय होते, ते मार्च-एप्रिलमध्ये इथे कोणालाही विचारा. हवेतला दमटपणा वाढला की वाळणे थांबते, बुरशी धरते, हिरवा बेदाणा काळपट होतो आणि त्याचा भाव निम्म्यावर येतो. शेडच्या बाजूंना खाली सोडता येतील असे पडदे लावणे, जमिनीवरून ओल येऊ न देणे आणि पावसाचा इशारा मिळताच पंखे व गरम हवा यांची सोय असणे, ही या व्यवसायाची विमा-योजनाच होय. तयार बेदाणा प्रतवारी होऊन पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरला जातो आणि चार अंशांच्या शीतगृहात वर्षभरही रंग राखून राहतो. हाच बेदाणा पत्र्याच्या गोदामात मे महिना काढेल तर जूनमध्ये तो लालसर आणि चिकट झालेला असेल. तासगाव आणि सांगलीच्या आसपास उभी राहिलेली शीतगृहे हे या भागातले मोठे बळ आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात वाळवणाऱ्यांइतकाच राखणाऱ्यांचाही वाटा आहे. सौद्याच्या वेळी बॉक्स फोडून बेदाणा दाखवताना होणारी उधळण हा मात्र इथला जुना वाद आहे. शेतकऱ्याने ग्रॅमग्रॅम सांभाळलेला माल शेवटच्या दहा मिनिटांत जमिनीवर सांडावा, याचे समर्थन कोणत्याही रिवाजाने होत नाही.

आपल्या भागातली साठवण शीतगृहांनी सुरू झाली, असे कोणी समजू नये. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळदीची पेवे आहेत. दोन-तीन पुरुष खोल, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे खड्डे. तिथल्या मातीतून पाणी आत झिरपत नाही. तळाला आणि कडांना पाला-चटईचे अस्तर देऊन हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत भुंगे गेलेच असतील तर ते उरलेला प्राणवायू वापरून संपवतात आणि मरतात. रंग उडत नाही, वजन घटत नाही, कीटकनाशक लागत नाही. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचे नसते. तोंड काही तास मोकळे ठेवायचे, कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे. हा नियम मोडून आत उतरलेल्यांचे जीव गेले आहेत, म्हणून पुस्तकात तो ठळक अक्षरांत छापला आहे आणि त्यावर आमचे एक म्हणणे जोडले आहे. कंदिलापेक्षा प्राणवायू मोजण्याचे साधन वापरा, बाहेर दुसरा माणूस दोर धरून असल्याशिवाय उतरू नका, आणि कोणी आत कोसळला तर त्याला काढायला तसेच उतरू नका.

2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, बरीच निकामी झाली, आणि हळद गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेवांचे दिवस सरत आले होते. तरीही पेवातले तत्त्व जिवंत आहे. आफ्रिकेत चवळीसाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने ज्या हवाबंद पिशव्या तयार केल्या, त्या प्राणवायू तोडण्याच्या याच मार्गाने कीड मारतात. आज अशा पिशव्या आपल्याकडेही मिळतात. पन्नास किलो हळद किंवा ज्वारी घरात ठेवणाऱ्या कुटुंबाला खड्डा खणायची गरज उरलेली नाही. विट्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत ज्वारीची पेवे आणि बळदे होती. त्यांची मोजमापे वयस्कर माणसांकडून आताच लिहून घ्यायला हवीत.

आटपाडी आणि पलीकडच्या सांगोल्यात डाळिंब आहे, आणि डाळिंबाला द्राक्षाची थंडी चालत नाही. पाच अंशांच्या खाली ते फार दिवस राहिले तर साल तपकिरी पडते आणि आतले दाणे फिकट होतात. त्याला पाच ते सात अंश हवेत. बेदाण्याला चार अंश चालतात, पण शेजारच्या मालाचा वास तो ओढून घेतो. म्हणजे एकाच खोलीत सगळ्यांचा माल कोंबणारे शीतगृह हे स्वस्त दिसणारे, पण महागात पडणारे आहे. शीतगृहात जागा घेताना भाड्याआधी तीन गोष्टी विचारा. या खोलीत आणखी काय ठेवता, तापमानाची नोंद दाखवता का, आणि वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात सुरू होतो. उत्तर टाळणाऱ्याकडे माल ठेवू नये.

सगळ्यांना शीतगृह परवडत नाही हे मी जाणतो. विट्याची हवा कोरडी आहे, आणि कोरड्या हवेत पाणी उडून गारवा देते. माठातल्या पाण्याचे तेच होते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, दिवसातून दोनदा पाणी, वर गवताचे छप्पर. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरू शकते. डाळिंब, भाजी, तोडणीनंतर गाडीची वाट पाहणारी द्राक्षे यांना एक-दोन दिवसांचा दिलासा द्यायला एवढे पुरते. कोकणच्या दमट हवेत जे नीट साधत नाही, ते आमच्या कोरड्या माळावर साधते.

वाहतुकीत रेल्वेचा उल्लेख करायलाच हवा. विट्याला रेल्वे नाही. कराड, किर्लोस्करवाडी ही आमची जवळची स्थानके. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल धावली, आणि 28 डिसेंबर 2020 रोजी शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. भाड्यात पन्नास टक्के सवलत होती. आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांनी त्या गाड्या भरून दाखवल्या. माल होता, गिऱ्हाईक होते, फक्त मधली गाडी वेळेवर हवी होती. ही सोय नियमित आणि कायमची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सगळा विषय इथेच येऊन थांबतो. शेतकरी माल हंगामाच्या ऐन गर्दीत विकतो, त्याचे कारण अज्ञान नसते. औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरी, सोसायटीचे कर्ज आणि घरातले लग्न त्याला थांबू देत नाहीत. साठवणूक उपयोगी पडायची असेल तर थांबण्याच्या काळात हातात रोख पैसा हवा. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी मिळू शकते, आणि हळद व बेदाणा दोन्ही त्यात बसतात. ही योजना असूनही आपल्या गावांत तिचे नाव ठाऊक असलेली माणसे कमी आणि वापरणारी त्याहून कमी. गोदामाची पावती हे विकण्याचा दिवस स्वतः ठरवण्याचे साधन आहे. ती पावती घेताना ओलावा, प्रत, वजन आणि विमा यांच्या नोंदी कशा तपासायच्या, हे शेवटच्या प्रकरणात नमुन्यासह दाखवले आहे.

भाव पडलेला असताना थांबणे नेहमी शहाणपणाचे ठरतेच असे नाही. शीतगृहाचे भाडे, व्याज, तूट आणि पुढच्या हंगामाचा माल बाजारात येण्याची तारीख यांची बेरीज प्रत्येकाने स्वतः करायला हवी. त्यासाठी कोरे तक्ते दिले आहेत. भावाचा अंदाज आम्ही कुठेही सांगितलेला नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे सुचवतो.

वाचकांना एक विनंती आहे. पुस्तक घरी नेण्याआधी विट्याच्या बाजारातून टोचून पाहता येईल असा एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. येत्या हंगामात तोडणीच्या वेळी, पॅकिंगच्या वेळी, गाडीत चढवताना आणि शक्य असेल तर बाजारात उतरवताना मण्याचे तापमान वहीत लिहा. त्या चार आकड्यांची पाने आमच्याकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत या पुस्तकातले तक्ते त्यांच्या आधारे दुरुस्त केले जातील.